त्याचं तो करतो

डच भाषेत माणूस आंघोळ करतो तेव्हा 'स्वतःला' धुतो. दाढी करतानाही स्वतःला, कपडे घालतानाही स्वतःला. इतकंच काय, लाजताना आणि चुकतानासुद्धा वाक्यात हा 'स्वतःला' हजर असतो. डचमध्ये त्याला 'झिख' म्हणतात, जर्मनमध्ये 'झिश', स्वीडिशमध्ये 'सेय'. हे एवढेसे शब्द कुठे चालतात आणि कुठे नाही, यावर मी केंब्रिजमध्ये संशोधन करते. आईला हे फोनवर समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. "आणि याला पगार देतात?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

या भाषांमध्ये फ्रिजियन माझी विशेष लाडकी. नेदरलँड्सच्या उत्तरेला ती बोलतात, आणि तिच्यात 'झिख' नाहीच. 'तो त्याला धुतो' असं म्हणायचं; तो स्वतःला धुतो की शेजाऱ्याला, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मला ही भाषा घरात बोलत वाढलेलं माणूस हवं होतं. ते मला महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत भेटलं, लंडनच्या ईलिंगमध्ये, चकल्यांच्या टेबलामागे. उंच, पांढऱ्या केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या बाई. "अजून एक घे की. मी केलोय," असं ठसक्यात म्हणाल्या.

मी पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याचं मराठी सुधारायची खोड जन्मजात. मनातल्या मनात 'केलीय' असं दुरुस्त केलंसुद्धा. नंतर कळलं, या काकू जन्मानं फ्रिजियन, लग्न मराठी माणसाशी; त्यांचं मराठी सासूबाईंचं होतं, आणि सासूबाई कोल्हापूरच्या. तिथल्या बायका 'मी आलो, मी केलो'च म्हणतात. काकूंनी ऐकलं तसंच्या तसं उचललं होतं. नवऱ्याला त्या 'अहो' म्हणत, पण बोलत अरे-तुरे करूनच. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांना 'अहो' हे त्याचं लाडाचं नाव वाटत असे, म्हणे.

मग मी शनिवारी केंब्रिजहून गाडी, पुढे लंडनची ट्यूब, असं करत त्यांच्याकडे जाऊ लागले. आमच्या कामाची रीत मोठी चमत्कारिक. मी फ्रिजियनमध्ये एक वाक्य म्हणायचं: 'तो स्वतःला धुतो.' काकूंनी सांगायचं, चालतं की नाही. न चालणाऱ्या वाक्याच्या डोक्यावर मी तारा काढायची. पहिल्या दिवशी त्या सारख्या विचारत होत्या, "पण हा माणूस कोण? खरंच धुतो का?" मी सांगितलं, "काकू, खरं-खोटं विसरून जा. माणूस कुणीही नाही. फक्त असं बोलतात का, तेवढं सांगा." दोन-तीन शनिवारांत त्या तरबेज झाल्या. चहाचा घोट घेत, डोळे मिटून, "चालतं," म्हणायच्या, आणि कधी इतक्या तिरस्कारानं "शी, नाही," की वाक्य मीच केलंय याची मला लाज वाटायची.

काका शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत आमची चेष्टा करायचे. "काय गं, तुमचा तो माणूस अजून आंघोळच करतोय का? बिल किती येईल पाण्याचं!" आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नलवर काम केलेला, रोज गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातल्या घरात बसणारा माणूस. मला ते दोघंही इतके आवडायला लागले की माझं काम संपलं तरी मी संपलं म्हणून सांगितलं नाही.

हिवाळ्यात काकांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जडावलेलं, आणि इंग्रजी जवळजवळ निघून गेलं; उरलं ते मराठी. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर काकूच त्यांचं सगळं करू लागल्या. उठवणं, आंघोळ, दाढी, शर्टाची बटणं. शर्टाला इस्त्री तेव्हाही होती. एका शनिवारी काकूंच्या मनगटाला पट्टी दिसली. बाथरूममध्ये काकांना सावरताना दोघंही घसरले होते.

"कौन्सिलकडून मदत मागा," मी म्हटलं. कौन्सिल म्हणजे इथली पालिका. "रोज सकाळी कुणीतरी येईल."

काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "कळलं तर त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये नेतील. आणि नाही नेलं, तरी अनोळखी माणूस येऊन त्याला उघडा बघणार? तू बघितलीस ना, कसा राहतो तो?"

मी म्हटलं, असं कुणी उचलून नेत नाही, आणि तुम्ही पुन्हा पडलात तर मात्र खरंच नेतील. त्यावर त्या भांडी घासू लागल्या. शेवटी डॉक्टरांनीच कळवलं, आणि कौन्सिलच्या एक बाई बघायला येणार असं ठरलं. काकांचं बोलणं इंग्रजीत सांगायला मी जाऊन बसले.

त्या बाई चांगल्या होत्या. बूट दारात काढले, काकांशी आधी हात मिळवला, तोही डावा. मग प्रश्न सुरू झाले.

"ते स्वतः आंघोळ करतात?"

"हो, चालतं," काकू इंग्रजीत म्हणाल्या.

"दाढी?"

"चालतं."

"कपडे स्वतः घालतात?"

"हो."

ही माझीच वाक्यं होती, त्याच क्रमानं. क्षणभर वाटलं, काकू सवयीनं चुकतायत. हा माणूस कोण हे विसरून नुसतं वाक्य चालतं का तेवढं सांगतायत. खरं-खोटं विसरा, हे मीच नव्हतं का शिकवलं? पण वाक्य तोलताना त्या नेहमी डोळे मिटायच्या. आता त्यांचे डोळे टक्क उघडे होते, आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. काकू चुकत नव्हत्या. धडधडीत खोटं बोलत होत्या, आणि पट्टीचा हात त्यांनी उशीखाली सरकवला होता.

मी बोलायला हवं होतं. पण मी त्यांची कोण? शनिवारी येणारी मुलगी. काकांनी मान खाली घातली होती. गुळगुळीत हनुवटीवर कापल्याची एक बारीक रेघ होती, डाव्या हातानं केलेल्या दाढीची नव्हे, काकूंच्या पट्टी बांधलेल्या हाताची.

मग काकांनी मला हाक मारली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"सांग त्यांना. ही घालते आंघोळ. दाढी हीच करते. सगळं हीच." थांबून त्यांनी श्वास घेतला. "कुणालाही पाठवा म्हणावं. मला लाज नाही वाटत."

शेवटचं खोटं होतं, ते आम्हा तिघांनाही कळलं. मी तेही इंग्रजीत खरं म्हणूनच सांगितलं. काकू फ्रिजियनमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मला शब्द कळले, पण ते वहीत लिहायचे नव्हते.

बाईंनी होमचा विषयही काढला नाही. रोज सकाळी एक माणूस येईल, पुरुषच हवा असेल तर तसं बघू, असं त्या म्हणाल्या. मग पेन हातात ठेवूनच काकांकडे वळल्या. "तुम्हाला स्वतःला काय करता यावं असं वाटतं? कुठली एक गोष्ट? त्यासाठी हाताचे व्यायाम देता येतील."

मी मराठीत विचारलं. मला वाटलं, दाढी म्हणतील.

काकांनी डाव्या हातानं काकूंकडे बोट दाखवलं. "हिची पाठ दुखते," ते म्हणाले. "रोज बाम चोळायचो मी. तिचा हात तिथवर पोचत नाही."

काकूंची पाठ दुखते हे मला माहीतच नव्हतं. बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. शेवटी काकूंनीच ते त्यांना इंग्रजीत सांगितलं, आणि उठून आत गेल्या. परत आल्या त्या बामची बाटली घेऊन. झाकण उघडून त्यांनी ती काकांच्या मांडीवर ठेवली, पाय ठेवायचं बुटकं स्टूल ओढलं, त्यांच्याकडे पाठ करून त्यावर बसल्या आणि स्वेटरची मान मागून खाली ओढली.

काकांनी डाव्या हाताची दोन बोटं बाटलीत घातली. पहिल्यांदा बाम त्यांच्याच शर्टाला लागला. "खाली, अहो," काकू म्हणाल्या, "अजून थोडं खाली." बाईंनी पेन बंद करून ठेवलं.