खालून फोडलेला डबा

त्या वर्षांत आमच्या अमडापुरात कोणी कोणावर विश्वास ठेवत नव्हतं, आणि मी तर मुळातच संशयी. बीटी कपाशीचं बियाणं आलं आणि त्याच्या पाठोपाठ बोगस बियाणंही आलं. पिशवी तीच, चित्र तेच, आणि वावरात कपाशीच्या ओळी, तासंच्या तासं रिकामी. मग सगळ्यांनी एक रीत धरली. पिशवी वरून फोडायचीच नाही, खालून फोडायची. वरचं लेबल, आतली चिठ्ठी, सगळं जसंच्या तसं पावतीसोबत ट्रंकेत टाकायचं. उद्या उगवलं नाही तर दुकानदाराशी भांडायला पुरावा पाहिजे.

माझं चार एकराचं वावर, पण मीही तेच करायचो. वर बियाण्याचा रंग तळहातावर चोळून पाहायचो. रंग निघाला तर म्हणायचो, जुनं बी रंगवून दिलंय. नाही निघाला तर म्हणायचो, लबाडानं पक्का रंग मारलाय. बायको म्हणायची, "तुमाले देव भेटला तरी त्याची पावती मागसान." आता दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात माझं काय चुकलं? असं मला तेव्हा वाटायचं.

पोट मात्र वावरावर नव्हतं, वर्कशॉपवर होतं. बाजाराच्या रस्त्याला टिनाचं शेड, त्यात एक वेल्डिंग मशीन, एक टेबलावरचं धारेचं चाक आणि एक हातातला ग्राइंडर. पेरणीच्या तोंडावर वखराच्या पाशी, म्हणजे माती कापणारी रुंद पाती, आणि डवऱ्याची पाती यांचा ढीग लागायचा. माझ्यासोबत अर्ध्या भागीत माझा शाळेपासूनचा दोस्त होता. बाप-आजापासून लोहारकामातलं मुसलमानाचं घर. सारं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, मग मीही तेच म्हणायचो. गिऱ्हाईक समोर असलं की तो मला 'भाऊ' म्हणायचा, गिऱ्हाईक गेलं की 'काऊन बे'.

मिस्त्रीला एकच डोळा होता. दोन वर्षांआधी आमच्याच शेडात छिन्नीचा तुकडा उडाला आणि उजवा डोळा गेला. तेव्हा आम्ही दोघंही उघड्या डोळ्यांनी काम करायचो, चष्मा वगैरे शहरातल्या लोकांचे चोचले वाटायचे. डॉक्टरनं सांगितलं होतं, "आता डाव्याला जपा." हे वाक्य डॉक्टर मिस्त्रीला बोलला, पण बसलं ते माझ्या डोक्यात. शेड माझं, छिन्नी माझी.

मग चष्म्यांची शोधाशोध सुरू झाली. पहिला आणला तो काळ्या रबराचा, डोक्यामागं इलॅस्टिक ओढायचा. टिनाखाली घाम असा की दहा मिनिटांत आतून वाफ धरायची आणि भुवयांवर रबराचे वळ उठायचे. मिस्त्री तो कपाळावर चढवून काम करायचा. दुसरा आठवडी बाजारातला. काड्या कानामागं रुतायच्या, बाजूनं सारं उघडं, आणि धुकं तेवढंच. "हा घालून मले पातं दिसत नाई," मिस्त्री म्हणायचा, "न दिसता चाकावर हात धरू का? डोया वाचीन अन् बोटं जातीन." मला वाटायचं, हा आळस करतो, सोंग करतो. मी त्याच्यावर खेकसायचो. तो ऐकून घ्यायचा.

शेवटी त्यालाच घेऊन खामगावला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात एक शांत, पिकल्या मिशांचा माणूस बसला होता. शांत दुकानदाराची मला जास्तच भीती वाटते. त्यानं तीन चष्मे काढले. पहिला इतका जड की नाकापेक्षा मोती जड. दुसरा कानशिलं आवळणारा. तिसरा हलका, नाकावर मऊ गादी, दोन्ही बाजूंना पडदी आणि पडदीला बारीक भोकं. मिस्त्रीनं तो घातला, खाली वाकला, वर पाहिलं, आणि नंदीबैलासारखी मान हलवली.

"बस. हाच. घातल्यासारखा वाटतच नाई ना बे."

"धुकं धरत नाही," दुकानदार म्हणाला.

"सारेच असं म्हणतात," मी म्हणालो. बाहेरून चहा मागवला आणि चष्मा वाफाळत्या ग्लासावर धरला. काच स्वच्छ. पुन्हा धरला, तरी स्वच्छ. पाच मिनिटं धरला. मिस्त्री हसायला लागला, "अरे, चष्म्याले चहा पाजून राह्यला का?" चहा निवला, तरी काचेवर वाफेचा ठिपका नाही.

बरं, एवढं पाहून शहाणा माणूस खूश होईल. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. काचेवर एक निळसर झाक होती. मोटरसायकलवाले पावसात हेल्मेटच्या काचेला साबण चोळतात, म्हणजे धुकं धरत नाही, हे मला ठाऊक होतं. बुढ्यानं साबणासारखं काही तरी फासून ठेवलंय, आठ दिवसांत उतरेल आणि मग आपण बोंबलत बसू. दुकानदार डबा देताना म्हणाला, "धुताना जरा..." मी त्याचं बोलणं तोडलं. "शेठ, माल विका. धुवायचं आम्हाला कळतं." त्यानं डबा माझ्याकडं सरकवला. एवढा राग मला त्याच्या कोणत्या गोष्टीचा आला होता, ते आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर डबा खालून फोडला. चष्मा खालून ओढून घेतला, वरचं लेबल आणि आतली घडी केलेली चिठ्ठी तशीच राहू दिली, आणि डबा पावतीसकट ट्रंकेत ठेवला. कपाशीच्या पिशव्यांच्या शेजारीच. मग चष्मा सोड्याच्या गरम पाण्यात बुडवला आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं घासायला बसलो. घास घास घासला. निळसर झाक गेली तेव्हा थांबलो. मग चुलीवरच्या पातेल्यावर धरला, तर काच आंधळी! मी ओरडलोच, "पकडला! पकडला चोर!" बायको बाहेर आली. मी तिला धुकं दाखवलं. खरं सांगतो, एवढा आनंद मला कपाशी उगवल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, माल बोगस आहे, फासलेलं होतं, मी उतरवलं. त्यानं जीभ चावली. "च्या मायले! चहावर तर चांगला टिकला होता." त्याला माझा शब्द पुरायचा. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पेरणी तोंडावर होती, पाशींचा ढीग दारापर्यंत आला होता, खामगावला जायला सवड नव्हती. मी म्हणालो, "धुकं धरते तर धरू दे. डोळा तर झाकते. बाजाराच्या दिवशी बदलून आणतो. तोवर उतरवायचा नाही."

"हाव," मिस्त्री म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरलेलं, हवा चिकट, टिन तापलेलं. मिस्त्री टेबलावरच्या चाकावर धार लावत होता. मी चार हातांवर ट्रॉलीची पट्टी हातातल्या ग्राइंडरनं घासत होतो. त्याच्या काचेवर वाफ धरली. त्यानं शहाण्या कारागिरासारखं चाक बंद केलं, दोन पावलं मागं सरला, आणि चष्मा कपाळावर करून रुमालानं पुसायला लागला. मागं सरला तो माझ्या बाजूला. माझ्या ग्राइंडरची ठिणगी सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेली.

तो ओरडला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "मशीन बंद कर बे."

खामगावच्या डोळ्याच्या दवाखान्यात लोखंडाचा कण काढला. डोळ्यावर पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाला, चार दिवसांनी पट्टी सोडू, तेव्हा कळेल. म्हणजे मिस्त्री चार दिवस पुरता आंधळा. त्याची बायको उशाशी बसली होती, माझ्याकडं पाहत नव्हती. मिस्त्रीच म्हणाला, "त्या दुकानदाराले सोडू नको. आनखी कोनाचा डोया जाईन."

सोडतो काय! दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, डबा-पावती घेतली, सोबत तो चष्मा घेतला आणि दुकानात जाऊन आरडाओरडा केला. दहा माणसं गोळा झाली. बियाण्यावाल्यांनी लुटलं, आता तुम्ही डोळे घ्या, असं बरंच काही बोललो. दुकानदारानं सगळं ऐकलं. मग फळीवरून तसाच नवा चष्मा काढला, चहा मागवला, दोन्ही चष्मे शेजारी शेजारी वाफेवर धरले. त्याचा स्वच्छ. माझा आंधळा.

"यावर थर असतो," तो म्हणाला. "धुकं धरू नये म्हणून कारखान्यातच देतात. घासला का?"

त्यानं माझा डबा उलटा केला, आत बोट घालून चिठ्ठी ओढली. माझ्या हातानं न उघडलेली. हिंदीत सात ओळी होत्या आणि चौथ्या ओळीशेजारी चित्र होतं, फडकं धरलेला हात आणि त्यावर लाल फुली. साध्या पाण्यानं धुवा, घासू नका, सोडा-साबण लावू नका.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," गर्दीतला कोणी तरी म्हणाला. दुकानदार हसला नाही. त्यानं नवा चष्मा माझ्यासमोर ठेवला. मी पैसे दिले आणि खाली मान घालून बाहेर पडलो.

दवाखान्यात पाय टाकवेना. खोटं बोलावं असं मनात आलं, आलंच. दुकानदारानं मानलं, माल बदलून दिला, एवढं म्हटलं असतं तरी मिस्त्रीनं विश्वास ठेवला असता. त्याला पट्टीआडून काय दिसणार होतं?

"मानलं का त्यानं?" मिस्त्रीनं विचारलं.

"माल चांगला होता," मी म्हणालो. "म्याच खराब केला." मग सगळं सांगितलं. सोडा, फडकं, ट्रंक, चिठ्ठी. सांगताना रडलो.

तो म्हणाला, "चिठ्ठी वाचून दाखव."

मी वाचली.

"चौथी ओय पुन्हा वाच."

पुन्हा वाचली. त्याची बायको उठून बाहेर गेली.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली. डोळा वाचला होता. मिस्त्रीनं आधी बायकोकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग माझ्याकडं. मी नवा चष्मा पुढं केला. त्यानं डबा माझ्या हातातून घेतला, वरून फोडला आणि चिठ्ठी बाहेर काढून खिशात ठेवली.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं त्याच शेडात काम केलं. भागी तशीच राहिली, 'काऊन बे'ही तसंच राहिलं. जेवताना भाकर माझ्या डब्यातून हक्कानं उचलायचा. पण संध्याकाळी शेड बंद करताना चष्मा स्वतः साध्या पाण्यानं धुवायचा, झटकायचा आणि घरी घेऊन जायचा. मी कधी हात पुढं केला तर म्हणायचा, "राहू दे, मी ठेवतो." माझ्यावर आंधळा विश्वास ठेवणारा गावात तो एकच माणूस होता. मी पुन्हा हात पुढं केला नाही.