जेट विमानाचा पत्रा

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पापडी गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतो. वरून विमान गेलं तशी बायको म्हणाली, "लेकीला या नाताळात विमानानं येऊ द्या की. कोलकात्याहून दोन दिवस गाडीत बसून पोरं कंटाळतात."

"त्या डबड्यातून?" मी म्हणालो.

मी चौथी शिकलेला. विमानतळावर पत्र्याचं काम करायचो. पहिली जेट विमानं लोकांनी बाहेरून रंगवलेली पाहिली, मी उघडी पाहिली. धूर ओल्या लाकडांच्या चुलीसारखा, उठायला गाभण म्हशीसारखी जड. खिडकीच्या कोपऱ्याला चीर जायची. ती वाढू नये म्हणून टोकाला भोक पाडायचं, वर ठिगळ मारायचं. साहेब सही करायचा आणि आत माणसं भरायची. तेव्हापासून घरातल्या कोणाला मी विमानात बसू दिलं नाही.

"ती विमानं कधीच भंगारात गेली," ती म्हणाली. "तुमचं डोकं तेवढं राहिलं."

त्याच रात्री ती झोपेत गेली. दफन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलं. सकाळी मी लेकीला फोन लावला आणि सांगितलं, मिळेल त्या विमानानं ये.