तांदूळ घातलेला चहा

साठच्या दशकात खोपोलीच्या बाजूला जपानी पद्धतीच्या भातशेतीचं एक केंद्र होतं. तिथल्या एका जपानी तज्ज्ञाला आमचं खालचं खाचर हवं होतं आणि माझ्या वडिलांना ते द्यायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट एकमेकांना सांगायला दोघांना सहा आठवडे लागले. मधला दुभाषी मी होतो, म्हणून ते आठवडे मला क्रमाने आठवतात.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकपासून सायकलने अर्ध्या तासावर. खालचं खाचर पंचवीस गुंठ्यांचं, ओढ्याकाठचं, पाणी धरणारं. घरची वर्षाची पेज आणि भात त्यातच पिकायचा. आदल्या पावसाळ्यात वडिलांनी त्याच्या एका कोपऱ्यात जपानी बियाणं लावून पाहिलं होतं. दोरी धरून ओळीत लावणी केली, ओळींमधून हाताने ढकलायचं कोळपं फिरवलं. पीक भरघोस आलं. शिजवल्यावर मात्र भाताचा गोळा झाला. शेजारचे काका आमच्याकडे जेवून हात धुताना वडिलांना म्हणाले, "पतंगाच्या दोऱ्याला खळ म्हनून चांगला हाय रं. मानसांना कशाला घालतोस?"

आता साहेबांना (गाव त्यांना साहेबच म्हणे) अख्खं खाचर त्याच बियाण्याखाली हवं होतं. पुढच्या हंगामाच्या शेतांची यादी त्यांना संक्रांतीच्या आत पाठवायची होती. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "बघू." मी त्याचं इंग्रजी 'विचार करतो' असं केलं. घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. एकदा विचारलेलं पुन्हा विचारायची त्यांच्याकडे नसावी. त्यानंतर ते दर शनिवारी दुपारी सायकलवरून येत, ओटीवर बसत आणि शेताचा विषय न काढता चहा करून पाजत. चहाची पानं त्यांची, चूल आमची.

मला त्या दुपारी जड जात. मुंबईच्या एका दैनिकात उमेदवारीची जागा मिळाली होती, संक्रांत झाली की रुजू व्हायचं होतं. अंगात नुसती घाई भरली होती, आणि इथे तिघं जण एका प्रश्नाभोवती बसून पाणी निवायची वाट बघत होतो. मी मांडी बदलून बसे, उठे, अंगणात जाऊन परत येई. वडील म्हणत, "बस ना रं एका जागी. चटईत काटा हाय का?"

पहिला चहा हिरवा होता. उकळलेलं पाणी साहेब एका वाडग्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतत, आणि मग पानांवर घालत. आई आत चुलीपाशी बसून बघे.

"येवढं उकळलेलं पानी निववतोय," ती म्हणाली. "मंग उकळायला लावतोय कशाला?"

त्या काय म्हणतात, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, वास चांगला येतोय म्हणतात.

त्या चहाचा वास कापलेल्या ओल्या गवताचा होता. चव आधी तुरट, मग कडसर. वडिलांनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. "वैद्याकडचा हाय," ते म्हणाले आणि त्यांनी गूळ मागितला. साहेबांनी हरकत घेतली नाही, पण गूळ वाटीत पडला तेव्हा ते अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीकडे बघत राहिले. तिसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की घोट गिळल्यावर थोड्या वेळाने जिभेच्या मागच्या बाजूला गोडवा येतो, आणि त्यासाठी गप्प बसावं लागतं. मला तेवढंच जमत नव्हतं. बोलायला लागलं की तो जाई.

एकदा त्यांनी भाजलेल्या पानांचा चहा आणला. त्याचा रंग तपकिरी, वास पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात तेव्हा येतो तसा. वडिलांनी तो बिनगुळाचा घेतला आणि वाटी पुन्हा पुढे केली. चौथ्या शनिवारी आईने परड्यातली गवती चहाची पात आतून पाठवली. साहेबांनी ती चुरगळून हुंगली, बोटभर तुकडे करून हिरव्या पानांत टाकली, चहा पिऊन झाल्यावर "बरा" म्हणाले. मराठीतले पाचसहा शब्द त्यांना येत, त्यातला हा एक. शेताबद्दल त्या दिवशीही कोणी काही बोललं नाही. संक्रांत दोन आठवड्यांवर आली होती. निघताना त्यांनी एक पत्र्याचा डबा आईकडे ठेवायला दिला. पुढच्या खेपेला हा करू, म्हणाले.

आईने तो उघडून पाहिला. आत चहाच्या पानांत तांदूळ होता. भाजलेला, काही दाणे लाह्यांसारखे फुटलेले. भातशेती करणाऱ्या घरातल्या बाईला दुसरं काय वाटणार? तिने डबा सुपात ओतला आणि दोन दुपारी बसून दाणा न् दाणा निवडला. पाचव्या शनिवारी साहेब ओटीवर टेकले तशी ती स्वतः बाहेर आली आणि दोन ताटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. एकीत पानं, दुसरीत तांदूळ.

"साएबाला सांग," ती मला म्हणाली, "वान्यानं फसवलंय तुमाला. निम्मा तांदूळ घातलाय. मी निवडून ठेवलाय."

वास चांगला येतोय म्हणून सांगायची सोय नव्हती. मी होतं तसं सांगितलं. साहेबांनी दोन्ही ताटल्यांतलं बोटाने हलवून पाहिलं, सगळं हाताने का, असं विचारलं आणि तीन वाडगे मागितले. एकात नुसती पानं घातली, दुसऱ्यात नुसता तांदूळ, तिसऱ्यात दोन्ही; हा चहा आमच्याकडे असाच करतात, म्हणाले. तिन्हींवर पाणी ओतलं आणि पहिला वाडगा आईला दिला. परक्या पुरुषासमोर ओटीवर बसून ती काही पिते आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पानांचं पाणी पिऊन तिने वाडगा बाजूला सारला. तांदळाचं पाणी पिऊन म्हणाली, "पेजेवरलं पानी." तिसरा वाडगा तिने सावकाश संपवला.

"तांदूळ कमी भाजलाय," तिने निकाल दिला. "आनि जुना हाय."

मी भाषांतर केलं. कसा हवा होता, असं साहेबांनी विचारलं. आई आत गेली. खाचराच्या कोपऱ्यातला तो चिकट तांदूळ तसाच पडून होता. त्यातला मूठभर तिने खापरावर टाकला, दाणे तडतडून फुटेपर्यंत हलवला आणि गरम गरम ताटलीत आणून ओतला. त्याचा चहा झाला तेव्हा तडतडलेल्या लाह्यांचा वास आधी आला आणि पानांचा कडसरपणा मागे राहिला. वडिलांना गुळाची आठवण झाली नाही. साहेबांनी दोनदा घेतला.

सहाव्या शनिवारी यादी जायची होती. आईने भाजलेल्या तांदळाचा चहा ओतला. वाट्या अर्ध्या झाल्या तरी वडील खाली बघत होते. मग आईच बोलली.

"खालचं खाचर आमच्या पोटाचं हाय, साएब. त्ये नाय जमायचं. वरलं दहा गुंठं घ्या. त्यात तुमचं बी लावू. भाजायला पुरंल, तुमाला न् आमाला."

"अगं, पावन्याला असं तोंडावर सांगतात?" वडील म्हणाले.

"आवं, मंग पाठीवर सांगू?"

मला ते मऊ करून सांगता आलं असतं. एक शनिवार सोडला तर तेच केलं होतं. या वेळी मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

"खालचं नाही?" साहेबांनी मराठीतच विचारलं.

"नाय," आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. वही काढली, आमच्या नावापुढचा पंचविसाचा आकडा खोडून दहा लिहिला. मग वर पाणी राहतं का, असं विचारलं. यावर वडील बोलायला लागले, आणि गेल्या सहा आठवड्यांत सगळं मिळून बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. बांध उगवतीला फुटतो, माती हलकी आहे, ओढ्याचा पाट वळवला तर आश्विनापर्यंत ओल राहील. माझं भाषांतर अर्ध्यावर असतानाच दोघं उठले आणि बघायला निघाले.

"तू काय बसलाईस?" आई म्हणाली. "जा की. त्यांचं त्यांना कसं कळंल?"

मी पोहोचलो तेव्हा ते वरच्या खाचराच्या बांधावर होते. साहेब पावलं टाकून लांबी मोजत होते, वडील दुसऱ्या टोकाकडून तेच करत होते. प्रत्येकाचा आकडा आपापल्या भाषेत. मधे भेटल्यावर दोघांनी बोटं दाखवली. हिशेब जुळला नाही. माझ्याकडे न बघता ते आपापल्या टोकाला परत गेले आणि पहिल्यापासून मोजायला लागले.