ओला चमचा

लिंबाच्या लोणच्यावर हिरवट-पांढऱ्या बुरशीचा नाजूक ठिपका उगवला होता. बरणीत ओला चमचा मीच घातला होता, त्यामुळे बायको सुनंदाच्या नजरेला पडण्याआधी तो ठिपका काढून टाकायच्या बेतात होतो.

तेवढ्यात लेक ओरडली, "बाबा, थांबा! मला हवीय ती!" आमची मुक्ता बुरशीच्या जनुकांवर संशोधन करते. आईच्या लोणच्यापेक्षा तिला त्यावरची बुरशी प्यारी.

"एकटी असली, पोट भरलेलं असलं, की बुरशीची कितीतरी जनुकं झोपून राहतात," ती सांगू लागली. "शेजारी दुसरं कुणी आलं की जागी होतात आणि नवंच रसायन तयार करतात. कधी विष, कधी चक्क औषध."

मला हायसं वाटलं. पोट भरल्यावर झोपणारा या सृष्टीत मी एकटाच नाही तर! माझ्यातही काय काय झोपलं असेल, कोण जाणे. पन्नाशी उलटली, पण घोरण्यापलीकडे अजून काही बाहेर आलेलं नाही.

एवढ्यात सुनंदा अगदी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चमचा ओला होता," माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आणि माझाच होता."

"मुक्ते," सुनंदा म्हणाली, "बरणीबरोबर यांनाही घेऊन जा गं प्रयोगशाळेत."