फावडं मिळणार नाही

शमीमआपा गेल्याचं कळलं तेव्हा मी वारज्याच्या मंडईत वांगी निवडत होतो. त्यांच्या मुलीचा, रुबिनाचा, फोन आला. "काका, अम्मी गेली... चहा टाकला, खुर्चीत बसली, ती बसलीच." डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणोत बापडे. मला विचाराल तर आपा त्याआधीच अर्ध्या गेल्या होत्या, आणि त्यांना कुणी घालवलं तेही मला पक्कं ठाऊक आहे.

खडकीच्या पलीकडे नदीकाठच्या बागेत एक जुनं वाफेचं इंजिन आहे. आहे म्हणजे, होतं. अरुंद रुळांवरचं, ठेंगणं, मागे दोन डबे. दर रविवारी आम्ही काही हौशी मंडळी ते पेटवायचो आणि पोराबाळांना बागेभोवती फिरवून आणायचो. पगार नाही, मानधन नाही, उलट काजळलेले कपडे धुवायची पावडर घरची. चालवायचो मी, भट्टीवर आपा. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली ही बाई निवृत्तीनंतर कमरेला ओढणी बांधून कोळसा टाकायची. वडील रेल्वेत फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे, त्यांचं फावडं आपांनी जपलं होतं. "अब्बांनी कधी याला हात लावू दिला नाही," त्या म्हणायच्या, "आता बघते कोण अडवतंय." कुणी शहाणा डोकावून "मॅडम, तुम्हाला जमतं हे?" विचारी. आपा मान वर न करता सांगायच्या, "नाही जमत. तरी गाडी चालते, आहे की नाही कमाल?"

इंजिन पहाटे पेटवायचं. थंड लोखंडाला घाईने तापवून चालत नाही, हळूहळू ऊब द्यावी लागते. मग वाफ धरेपर्यंत करायचं काय? तर भरीत. आपा फावडं उकळत्या पाण्याने लख्ख धुवायच्या, त्यावर तेल लावलेली वांगी मांडायच्या आणि भट्टीत धरायच्या. साल तडतडली की समजायचं, आग बरोबर लागली. मीठ, मिरची, लसूण त्यांचं, वांगी आणि भाकरी माझ्या घरची. पहिली शिट्टी देताना माझ्या हाताला लसणाचा वास असायचा. गाडी सुटली की आपा काजळलेल्या तोंडाने पोरांना हात करायच्या... असा आनंद मी फार कमी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला.

मग बागेला नवे साहेब आले. गोड बोलले. "इंजिनला रंग देतो, महिनाभर विश्रांती घ्या." आपा इतक्या खूश, की शेडच्या चावीबरोबर पेढे देऊन आल्या! महिन्यानंतर आम्ही गेलो तर इंजिन चौथऱ्यावर चढवलेलं. पुढचे रूळ उखडलेले. अंगाला पोपटी आणि सोनेरी रंग, चाकांना दिव्यांच्या माळा, समोर फोटो काढायची जागा. आपांनी भट्टीचं दार उघडलं. आत सिमेंट! काठोकाठ. साहेब म्हणाले, "लोक कचरा टाकतात हो आत, म्हणून कायमचा बंदोबस्त केला." अहो, कचरा टाकतात म्हणून कुणी चूल बुजवतं का? वर एक बटण, दाबलं की शिट्टी. तीही डिझेल इंजिनाची! आपा एवढंच म्हणाल्या, "साहेब, गाय उभी केलीत आणि रेडा ओरडवताय." साहेबांना कळलं नाही. ते हसले.

त्यानंतर दर रविवारी आपा बागेत जायच्या, भट्टी मोकळी करा म्हणून सांगायला. "सिमेंट फोडता येतं, अजून वेळ गेलेली नाही," हे एकच पालुपद. साहेब बैठकीत असायचे. बागेत रविवारी कसली डोंबलाची बैठक असते? एकदा त्या पर्समध्ये छिन्नी-हातोडा घेऊन गेल्या, तर रखवालदाराने अडवलं. म्हणे, प्रदर्शनीय वस्तूला हात लावू नये. जिच्या हाताने त्या वस्तूची राख काढली, तिला हे ऐकवलं! त्या दिवशी आपा माझ्याकडे आल्या, फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे राहू द्या. घरात बघवत नाही मला." चहाही घेतला नाही. मला त्यांची ती पाठ अजून दिसते.

गेल्या रविवारी बागेत शोकसभा झाली, त्याच चौथऱ्यासमोर. साहेबांनी शाल पांघरून भाषण केलं. आपा म्हणे या इंजिनाचा प्राण होत्या. प्राण! आणि हे कोण बोलतंय? मग शाल सावरत म्हणाले, "त्यांचं ते फावडं आम्हाला द्या, काचेच्या पेटीत ठेवू, खाली त्यांचं नाव." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रुबिनाकडे पाहिलं, तिने नाही म्हणून मान हलवली. उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, फावडं मिळणार नाही. सिमेंट काढा, आग पेटवा, त्याच दिवशी घेऊन येतो. वांगीसुद्धा मीच आणीन."

टाळ्या नाही पडल्या. नकोच होत्या. फावडं माझ्या स्वयंपाकघरात दारामागे उभं आहे. दर रविवारी पहाटे उठून मी त्याला तेलाचा हात फिरवतो, गंज चढू देत नाही. वापरायचंय ते.