दुसरा पोचा

गाडीखालच्या पिटमध्ये, म्हणजे गॅरेजमधल्या खड्ड्यात, उतरून मी टॉर्च वर धरला, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हा माणूस खोटे बोलतो आहे.

"मिस्त्री, गाडी दगडावर न्हाय गेली," पास्कलभाऊ वरून पुन्हा म्हणाले. "घर, चर्च, बर्फाची फॅक्टरी. आणखी कुठं न्हाय."

"आठवडाभरात किनाऱ्यावर एकदाही नाही?"

"बोट वर काढलेली हाय. किनाऱ्यावर काय वाळू मोजायला जाऊ?"

काशीगावात हायवेच्या बाजूला माझे गॅरेज आहे. इतक्या वर्षांत एक सवय जडली आहे: गिऱ्हाईक 'कुठेच नेली नाही' म्हणाले, की मी टायरच्या खाचांत चिखल शोधू लागतो. त्या सकाळीही शोधला. टायर कोरडे होते. तरीही माझा संशय कमी झाला नाही; गाडी धुऊन आणली असेल, असे मी स्वतःला सांगितले.

पास्कलभाऊ उत्तनजवळच्या चौक गावचे, साठीचे मच्छीमार. बोट ओढायला आणि बर्फाच्या लाद्या आणायला त्यांच्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर गाडी आहे. आठवड्यापूर्वी ती आमच्याकडे आली होती. किनाऱ्यावरच्या खडकावर बसून तिच्या एग्झॉस्टच्या मागच्या पाइपला पोचा पडला होता. आम्ही त्याला डेंट म्हणतो. एग्झॉस्ट म्हणजे इंजिनातला जळका धूर मागे नेऊन सोडणारी नळी. लोक सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतात, पण सायलेन्सर हा त्यातला फक्त फुगीर डबा. या नळीला खोल पोचा पडला की धूर तुंबतो आणि गाडी चढावर ओढ देत नाही. माझ्याकडचा सर्वांत जुना मेकॅनिक दत्ताराम याने तो पोचा इतका स्वच्छ काढला होता, की हाताचे बोट फिरवूनही जागा सापडत नव्हती.

आता नवा पोचा होता, मधल्या पाइपला. डोंगरी गावाच्या चढावर गाडी बसल्यासारखी झाली, म्हणून पास्कलभाऊ परत आले होते. मला वाटले, यांनी पुन्हा खडकावर नेली आणि आता आमच्या कामात खोट काढून फुकट दुरुस्ती करून घेणार.

मग मी टॉर्च जवळ नेला. खडकाचा पोचा ओळखता येतो. गाडी पुढे जात असते, म्हणून त्यावर पुढून मागे गेलेले ओरखडे असतात आणि खाचेत वाळू अडकलेली असते. इथे एकही ओरखडा नव्हता. अर्धवर्तुळाकार, स्वच्छ कडेचा खोलगट ठसा होता. ट्रॉली जॅकच्या, म्हणजे गाडी खालून उचलणाऱ्या चाकांच्या जॅकच्या, डोक्यावर एक लोखंडी वाटी असते. ठसा त्या वाटीचा होता. जॅक चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या दांड्याखाली नीट न बसता अर्धा पाइपखाली गेला होता.

म्हणजे पास्कलभाऊ खरे बोलत होते. हे लक्षात आल्यावर मला हायसे वाटायला हवे होते. तसे झाले नाही. संशय पिटमधून बाहेर आला आणि गॅरेजभर फिरू लागला. मी मनात एकेकाचे नाव घेतले, आणि ज्याने गाडीचे काम केले होते त्याच्यापाशी थांबलो.

"दत्ताराम, यांच्या गाडीला जॅक कुठे लावला होतास?"

"जॅक? लिफ्टवर घेतली होती ना शेठ. जॅक कशाला लावतोय मी?"

"मग खाली जाऊन बघ."

तो पिटमध्ये उतरला. ठशावरून त्याने अंगठा फिरवला. "जॅकचाच आहे," तो म्हणाला. "पण माझा नाय."

"मग जॅक आपणहून चालत गेला का?"

आजूबाजूची कामे थांबली होती. पाचजण आमच्याकडे पाहत होते, शिवाय पास्कलभाऊ. दत्ताराम मूळचा रत्नागिरीकडचा, बोलायला कमी. त्याचा चेहरा लाल झाला.

"बारा वर्षं काम करतोय इथं. मी पाडलेला डेंट लपवला, असा एक तरी दाखवा."

"लपवलेला कसा दाखवणार?" मी म्हणालो.

कुणीतरी हसले. वाक्य मलाही तेव्हा चपखल वाटले होते, हे मी कबूल करतो. दत्तारामने चिंधीने हात पुसले, बोटे एकेक करून पुसली, खुंटीवरचा शर्ट घातला आणि तो निघून गेला. सकाळचे अकरा वाजले होते.

"तुझा मानूस गेला," पास्कलभाऊ खुर्चीत बसता बसता म्हणाले.

"येईल," मी म्हणालो, आणि स्वतः कामाला लागलो.

पोचा बाहेरून ओढून काढतात. त्याच्या मधोमध वेल्डिंगने वॉशर, म्हणजे भोकाची लोखंडी चकती, चिकटवायचा, त्यात हुक अडकवायचा, गॅसच्या ज्योतीने पाइप लाल करायचा, आणि हुकाच्या दांड्यावर सरकणारा जड ठोकळा मागे आपटत राहायचे. पाइप पुरेसा तापला आहे हे रंगावरून कळते, दत्तारामला कळते. मी घाई केली. दुसऱ्याच ठोक्याला वॉशर पत्र्याचा तुकडा घेऊन उपटून आला, आणि पोच्याच्या जागी पोचा अधिक भोक झाले.

"आधी होता तो बरा होता," पास्कलभाऊ म्हणाले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "त्या दिवशी तू फोटो धाडलास ना, काम झाल्याचा? त्यात काय लाल लाल हाय बघ. मी मघापासून विचारीन म्हनतोय."

दुरुस्तीचा फोटो पाठवण्याची पद्धत हल्ली सगळीकडे पडली आहे. गिऱ्हाईक आमच्यावर विश्वास ठेवत नाही आणि आम्हाला ते ठाऊक असते. फोटोत पुढे मागचा पाइप होता, दत्तारामने सरळ केलेला. मागे, जरा अस्पष्ट, आमचा लाल ट्रॉली जॅक होता. त्याची वाटी अर्धी दांड्याखाली होती आणि अर्धी मधल्या पाइपखाली. वेळ होती दुपारी एक चाळीस. त्या वेळी सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसलेले असतात. मी मात्र त्यांचे झाल्यावर घरी जाऊन जेवतो.

फोटो मी काढला होता. काम झाल्यावर गाडी खाली उतरवली होती आणि लिफ्टवर दुसरी गाडी होती, म्हणून फोटोसाठी जॅकही मीच सरकवला होता, उभ्या उभ्या, खाली न वाकता.

मी विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. पण विसरणे म्हणजे आठवायचा प्रयत्न करूनही न आठवणे. मी प्रयत्नच केला नव्हता. सकाळी मी सगळ्यांची नावे घेतली, त्यात माझे नाव नव्हते.

"पास्कलभाऊ, हा जॅक मी लावला होता."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "मग मला काय सांगतो? ज्याला सांगायचं त्याला सांग."

दत्ताराम भाईंदरला, जेसल पार्कच्या मागच्या बाजूला राहतो. दार त्याच्या पत्नीने उघडले. "जेवतायत. बसा," एवढेच त्या म्हणाल्या. सकाळची हकिगत त्यांना कळली आहे, हे त्यांनी पुढे केलेल्या पाण्याच्या पेल्यावरूनही समजत होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, शेजारच्या स्टुलावर ठेवला.

मी फोटो दाखवला. दत्तारामने डाव्या हाताच्या बोटांनी तो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"किती वाकडा लावलाय," तो म्हणाला.

"माझी चूक झाली. मला माफ कर."

"शेठ, बोललात सगळ्यांसमोर. आणि सॉरी माझ्या स्वयंपाकघरात?"

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा. मग बघू."

परत येताना मी स्वतःला विचारले, की मी माफी मागायला गेलो होतो, की भोक पडलेल्या पाइपसाठी माणूस आणायला. दोन्ही खरे होते. कोणते किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पास्कलभाऊही मुद्दाम रिक्षा करून आले. दत्ताराम फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही. मी सांगितले: जॅक मी लावला, पोचा मी पाडला, आरोप दत्तारामवर केला, आणि लपवण्याबद्दल जे बोललो ते खोटे होते. चार वाक्ये होती. ती म्हणायला मला फार वेळ लागला.

दत्ताराम आत आला. पाइपखाली वाकला आणि थबकला.

"शेठ, हे भोक पण जॅकनं पाडलं काय?"

सगळे हसले. मलाही हसावे लागले.

त्याने खराब भाग कापला, त्याच मापाचा नवा तुकडा बसवून वेल्ड केला. मग इंजिन चालू ठेवून त्याने पाइपचे मागचे तोंड ओल्या कापडाने दाबून धरले. जोडात फट असेल तर फुसफुस ऐकू येते. काही ऐकू आले नाही. तासाभराने डोंगरीच्या चढावरून पास्कलभाऊंचा फोन आला. "वढते हाय," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दत्ताराम त्यानंतर दोन महिने राहिला. मग भाईंदरमधल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेला. ते घराजवळ पडते, असे कारण त्याने सांगितले. मला ते पुरते पटले नाही, पण मी खोदून विचारले नाही. तो हक्क मी त्या सकाळीच घालवला होता.

आता आमच्या जॉबकार्डावर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, एक ओळ वाढवली आहे: जॅक कोणी लावला. ती ओळ भरलेली नसेल, तर कुणालाही जाब विचारण्याआधी मी त्या दिवशीचे माझ्या मोबाइलमधले फोटो पाहतो.