डाव्या हाताची चांदणी

आधी तिचं सांगते, माझं नंतर. कॉलेजात मेंदू शिकवतात त्या वर्गात जी माझी जोडीदारीण होती, ती गंगापूरकडच्या एका खेड्यातून जीपनं यायची. घरी लहान पोरगी, सासू आणि कापसाचं रान टाकून यायची. मी आज या शहरात शिकते आहे ते तिच्यामुळे. तिनं मला काही दिलं नाही, काही शिकवलं असंही नाही. एका गोष्टीला ती फक्त "नाय" म्हणाली. तिचं नाव लिहायचं नाही, हेही तिनंच बजावलंय. "माझी सासू वाचीत नाय," म्हणाली, "पण वाचून दावणारे लई हायेत."

आता माझं. मी समुद्राकडची, देवगडच्या बाजूची. शाळा आठवीत सुटली. लोक म्हणतात सोडली. मला ती सुटली असंच वाटतं, आपण धावत पोचावं आणि एसटी सुटावी तशी. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. वहीत प्रत्येक धडा अर्धा. बाई म्हणाल्या, हिचं डोकं चालत नाही. आईनं मान हलवली, आणि मग मीही हलवली. पुढं काही वर्षं काजूच्या कारखान्यात काढली. तिथून ओळखीनं इथं आले, शहराच्या कडेला पडेगावात, एका आजींना सांभाळायला.

आजींची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. बोलणंही गेलेलं, दोनतीन शब्द तेवढे मागं राहिलेले, त्यातला एक 'बरं'. दुखलं तरी 'बरं', भूक लागली तरी 'बरं'. डॉक्टर त्यांच्या मुलीला सांगत होते की झटका डोक्याच्या डाव्या बाजूला आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. मनात आलं, डोक्याची डावी बाजू गेली तर हात उजवा कसा गेला? विचारायचं धाडस झालं नाही. पण तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

आजींच्या मुलीनं मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. शाळेत न बसता बाहेरून दहावी, मग बारावी. दोन्ही काठावर. प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न कोरा, कारण वेळच पुरायचा नाही. मग कॉलेज, मानसशास्त्र, आणि त्यात 'मेंदूची ओळख' असा एक विषय. सकाळी आजींची मुलगी घरी असायची, तेवढ्या वेळात मी शेअर रिक्षानं छावणीतून कॉलेज गाठायचे. वर्गातली बाकीची मुलं माझ्यापेक्षा बरीच लहान. शेवटच्या बाकावर एकच बाई माझ्या वयाची, डब्याच्या पिशवीवर कोपर टेकून बसलेली. ती सरकली. "ये," म्हणाली. "दोघी म्हाताऱ्या एका बाकावर."

पहिल्याच तासाला सर सहज बोलून गेले, की मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो आणि उजवा भाग डावं. निरोप नेणारे तंतू खाली उतरताना एकमेकांना ओलांडून जातात. वर्गानं ते लिहून घेतलं आणि पुढं गेला. मला पुढं जाता येईना. इतकी वर्षं दारात तांब्या घेऊन उभा असलेला माझा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात. त्या संध्याकाळी आजींच्या डोक्याला तेल लावताना माझी बोटं डाव्या कानाच्या वर थांबली. इथं, या केसांखाली, या हाडाखाली, त्यांचा उजवा हात आहे. त्यांचं सगळं बोलणं आहे. मी तिथं अगदी हळू तेल जिरवलं, जणू आत कुणी झोपलं होतं.

"बरं," आजी म्हणाल्या.

मग तसंच होत गेलं. मेंदूला घड्या का, हे दाखवायला सरांनी अख्खं वर्तमानपत्र चुरगाळून एका पेल्यात बसवलं. मला आमच्या घरची पत्र्याची ट्रंक आठवली, तीत आई चार माणसांच्या गोधड्या गुडघ्यानं दाबून बसवायची. डोकं म्हणजे तशी ट्रंक, आणि आत एवढं मोठं अंथरूण. एकदा सरांनी आम्हाला एका वैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या बाईंनी हातमोजे दिले आणि देहदान केलेल्या कुणाचा तरी मेंदू माझ्या ओंजळीत ठेवला. रंग ओल्या मातीसारखा. वजन आमच्याकडच्या दोन सोललेल्या नारळांएवढं. या माणसाला पोहता येत असलं तर ते पोहणं यात होतं. त्याच्या आईची हाक यात होती. माझ्या तोंडून नमस्कार निघाला; हात जोडता येत नव्हते म्हणून नुसताच तोंडानं.

शेजारी जोडीदारीण पुटपुटली, "यातच कुठंतरी त्याच्या सासरवाडीचा रस्ता आसल." हसू आणि रडू मला एकदमच आलं.

पण विषय आवडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. पहिल्या चाचणीत माझा पेपर पुन्हा अर्धाच राहिला. आलेलं सगळं डोक्यात, कागदावर नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की हे सत्र संपलं की कॉलेज बंद आणि परत गाव. गावाकडे आईलाही तसं कळवलं. जाताजाता प्रात्यक्षिकाची वही तेवढी पुरी करू, म्हणजे आजींच्या मुलीला तोंड दाखवता येईल.

त्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग आरशाचा होता. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी. हातावर फळीचा आडोसा, त्यामुळे हात दिसत नाही. समोरच्या आरशात काय ते बघायचं आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं. आरशात सगळं उलटं, पेन्सिल वर न्यावी तर ती खाली पळते. रेघ ओलांडली की चूक. जोडीदारानं हातात घड्याळ धरून वेळ मोजायचा आणि चुका मांडायच्या. आधी सवयीच्या हातानं, मग दुसऱ्या हातानं. दुसऱ्या हाताला जास्त वेळ लागतो, मग सवयीच्या हाताला सराव दिला की न शिकवलेला हातही थोडा शिकतो, असं त्यातून दाखवायचं.

मी सवयीच्या हाताच्या रकान्यात 'उजवा' लिहिलं आणि सुरू केलं. चांदणीच्या पहिल्याच टोकावर अडकले. पेन्सिल जागच्या जागी खरडत राहिली. "कोंबडीनं उकरल्यावानी करायलीस," जोडीदारीण म्हणाली. कशीबशी फेरी पुरी केली.

"आता डावा."

"डाव्या हातानं पेन्सिल धरीत नाही मी."

"कामून?"

"धरू नये. विद्येला डावा हात लावू नये."

"आगं, प्रयोग हाय. देवपूजा नाय. धर."

धरली. आणि हात निघाला. मला दुसरा शब्द सापडत नाही. मी त्याला काही सांगितलं नाही. तो एका टोकाला गेला, वळला, दुसऱ्या टोकाला गेला. एकदोनदा रेघेला लागला, तितकंच. जोडीदारणीनं घड्याळ दाबलं आणि घड्याळाकडेच बघत बसली. "पुन्हा कर," म्हणाली. पुन्हा तेच.

आता आकडे उलटे आले होते. सगळ्या वर्गाचा सवयीचा हात भराभर आणि दुसरा हात रखडलेला, आमचंच उफराटं. वही परत येणार, सर पुन्हा बसवणार, सगळ्यांसमोर ती कोंबडी पुन्हा उकरणार. वर्गात अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं असतं. पुस्तकात जे यायला हवं तसे आकडे जुळवून घ्यायचे. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून सांगितलंच, "रकाने बदला ना ताई, सरांना काय कळतंय." मी खोडरबर घेतलं.

जोडीदारणीनं कागदावर हात ठेवला. "नाय."

"अगं, दोन आकडे इकडचे तिकडे."

"घड्याळ म्या दाबलंय. जे झालं ते झालं. तुझा हात लबाड नाय, मंग कागद कामून लबाड करायचा?"

"माझी वही अडेल."

"अडू दे. माझीबी अडंल, एकाच कागदावर दोघींची सही हाय." आणि माझ्याआधी उठून, तो कागद घेऊन ती सरांच्या टेबलापाशी गेली.

सरांनाही आधी वाटलं की रकाने चुकलेत. तिनं शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "सर, म्या सोता बघितलंय." तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता बोलतील. त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "काडी कोणत्या हातानं ओढता?"

मी हवेत काडी ओढून बघितली. डाव्या.

"झाडू?"

डाव्या.

"सुरी? सुई? दगड मारायचा असला तर?"

कैऱ्या पाडताना मारलेले सगळे दगड आठवले. डावा, डावा, डावा.

"जेवता?"

"उजव्या."

"लिहिता?"

"उजव्या."

आणि बोलताबोलताच माझं मला दिसलं. ज्या कामांकडे कुणी बघत नाही ती सगळी माझ्या डाव्या हाताची होती. ज्यांच्याकडे लोक बघतात ती दोनच उजव्याची.

सर म्हणाले, "एका चांदणीवरून मी काही ठरवणार नाही. तुम्हीही ठरवू नका. तुमची शाळा कशामुळे सुटली हे मला सांगता येणार नाही. पण हे आकडे खोडू नका. या वर्षातला सगळ्यात चांगला कागद आहे हा."

संध्याकाळी आईला फोन लावला. विचारलं, लहानपणी मी कोणत्या हातानं लिहायचे. पलीकडे समुद्राची गाज. आमचं घर इतकं जवळ आहे की तो फोनवरही ऐकू येतो. आई म्हणाली, "डावोच होतो. मीच बांधी होतंय गो, जुन्या लुगड्याच्या काठान. तुझ्या बऱ्यासाठीच."

तो काठ मला आठवला. लाल होता. कशाचा ते आठवत नव्हतं इतकी वर्षं, नुसता लाल रंग आठवायचा. तिच्यावर राग आला नाही. तिला जे शहाणपण मिळालं तेच तिनं मला बांधलं. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. ज्याला कुणी पाटी दिली नाही, पेन्सिल दिली नाही, तो हात इतकी वर्षं तयार कसा राहिला? डोक्याच्या उजव्या बाजूला कुणीतरी माझ्यासाठी दिवा लावून बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

जोडीदारणीला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मंग लिही की डाव्यानं. वाट कुणाची बघायलीस?"

सोपं नव्हतं. अक्षरं मुंग्यांसारखी. लिहिलेल्यावरूनच तळवा फिरायचा, शाई फासली जायची. मी आजींच्या पलंगाशी बसून गिरवायचे. इतकी वर्षं आजींना मीच भरवायचे; त्याच दिवसांत त्यांना डाव्या हातानं चमचा धरायला शिकवणं सुरू केलं होतं, आणि डाव्या हातानं जेवायची त्यांना इतकी लाज की घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडे, माझ्या हातातल्या पेनाकडे, बराच वेळ बघितलं. मग चमचा उचलला. वरण पदरावर सांडलं, पण निम्मं तोंडात गेलं. "बरं," म्हणाल्या. या वेळी ते खरंच बरं होतं.

पुढच्या चाचणीच्या दिवशी जोडीदारणीनं बाकावर माझी जागा बदलली. मला डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे माझं कोपर तिला लागणार नाही. "आता घाण कर कागद, कितीबी," म्हणाली. मी केला. अक्षर वाईट, हाताची कड निळी. पण शेवटच्या प्रश्नाचा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तरपत्रिकेवर घातला आणि त्याच्यापुढं चार ओळी लिहिल्या. घंटा झाली तेव्हा पाचवी ओळ चालू होती. सुटणारी एसटी माझ्यासाठी थोडी थांबली होती, एवढंच म्हणेन. पास झाले. आईला पुन्हा फोन करून सांगितलं की इतक्यात येत नाही.

आता कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि जोडीदारीण चारचार दिवस वर्गात नसते. बाकाची तिची जागा मी पिशवी ठेवून अडवते. तिनं समुद्र कधी बघितलेला नाही. माझ्याकडे आजवर तिनं एकच गोष्ट मागितली, तीही थट्टेत: "तुझा तो समुद्र रातभर वरडतो म्हणत्यात, व्हय? झोप कशी लागती तुम्हाला? एकदा दाव मला."

दाखवीन. दोघींची पदवी झाली की तिला, तिच्या पोरीला, आणि आली तर सासूलाही आमच्या घरी नेईन. आईला सांगून ठेवलंय, पहिलं ताट माझ्या जोडीदारणीचं. आणि ते मी वाढीन, डाव्या हातानं. आईसमोर.